काचेला लाल दिसत नाही

आमच्या स्टुडिओत बायकांसाठी आरशाची खोली होती. खोली कसली, पडदा ओढून केलेला कोपरा. तिथे एक आरसा, दोन फण्या, पावडरीचा डबा आणि माझ्या माहेरचा पितळी करंडा. फोटो काढून झाला की जाणाऱ्या सवाष्णीला मी त्या करंड्यातलं कुंकू लावत असे. गिऱ्हाईक झालं म्हणून काय झालं, दारी आलेली बाई. तिला तशीच कशी पाठवायची? आमचे हे हसायचे. म्हणायचे, "तुझ्या कुंकवावर अर्धं दुकान चालतंय." तो करंडा अजून माझ्याजवळ आहे. उघडताना आजही अपराध्यासारखं वाटतं. वय वाढलं की अशा गोष्टी बोथट होतात म्हणतात. ज्यांच्या होत असतील त्यांच्या होवोत.

खरे फोटोग्राफर हेच. सोलापुरात सात रस्त्याजवळ माडीवर आमचा स्टुडिओ होता आणि त्याला उत्तरेच्या अंगाला काचेचं छप्पर होतं. उन्हाळ्यात त्या छपराखाली माणूस भाजून निघायचा. बसणाऱ्याच्या मागे रंगवलेला पडदा असायचा: दोन खांब, मध्ये तळं, तळ्यात हंस. तळं सोलापुरातही आहे, पण हंस कोणी पाहिला होता? माणसाची मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावायचा, फोटो आधी काचेच्या प्लेटवर उतरायचा, आणि तो उतरला की हे त्या काचेवर बारीक पेन्सिल घेऊन बसायचे. देवीचे वण जायचे, सुरकुत्या जायच्या, काळी माणसं गोरी व्हायची. ह्यांचं म्हणणं, गिऱ्हाइकाला स्वतःचा चेहरा नकोच असतो, लग्नाच्या दिवशीचा हवा असतो. मी म्हणायची, "तुमच्याकडे येताना माणसं वेगवेगळी येतात आणि जाताना एकाच आईची लेकरं होऊन जातात." माझी जीभ पहिल्यापासून अशीच, सासूबाईंनी किती टोकलं तरी सुधारली नाही.

मला कॅमेरा शिकवला तो काही माझ्या हौसेखातर नव्हे. गोषातल्या बायका, मारवाड्यांच्या सुना परक्या पुरुषापुढे बसायच्या नाहीत, आणि ते गिऱ्हाईक हातचं जात होतं. म्हणून ह्यांनी मला काळ्या कापडाखाली उभं केलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर माणूस उलटं दिसतं, डोकं खाली, पाय वर. पहिल्यांदा सरावासाठी सासूबाईंनाच बसवलं होतं. आयुष्यभर मला धाकात ठेवणारी बाई खाली डोकं वर पाय झालेली पाहून मला कापडाखाली हसू आवरेना. "आत काय खिदळतेस गं?" त्या ओरडल्या, आणि ती प्लेट हलून वाया गेली.

प्लेट धुवायला आम्ही पहाटे बसायचो. दिवसा पाणी इतकं तापायचं की काचेवरचा थर सुटून यायचा. अंधारखोलीत लाल काचेचा कंदील असे. मी विचारलं, बाकी कुठला उजेड चालत नाही, मग हा कसा चालतो? हे म्हणाले, "काचेला लाल दिसतच नाही. तिच्या लेखी लाल म्हणजे काळोख." म्हणून कुंकू फोटोत काळं उमटतं, गोऱ्या कपाळावर उठून दिसतं. पण सावळ्या बाईचा रंगही काच काळाच धरते, मग कुंकू आणि कातडी एक होऊन जातात. तसं झालं की छापलेल्या फोटोवर बारीक ब्रशनं काळ्या शाईचं कुंकू रेखायचं. ह्यांचा त्याला शब्द होता, कुंकू उठवणं. कामातली ही त्यांची शेवटची पायरी असे आणि ती ते कधी चुकवत नसत. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

पहिले माझे फोटो म्हणजे ह्यांचीच नक्कल, तीही कच्ची. तोच पडदा, तोच चिमटा, फक्त कॅमेऱ्यामागे लुगडं. मग एकदा एका अत्तरवाल्याच्या घरी त्याच्या बायकोचा फोटो काढायला गेले. गड्यानं पडदा आणलाच नव्हता. परत पाठवायला वेळ नव्हता, म्हणून तिला तिच्याच दाराशी, चटईवर बसवलं. उजेड एका बाजूनं येत होता. अर्धा चेहरा उजळ, अर्धा सावलीत. मी सवयीनं म्हणाले, रंग नंतर ठीक करू. तशी ती बाई म्हणाली, "मेरेकू गोरी नक्को करो बाई. मेरा पोट्टा पैचानना की नहीं?" तिचा मुलगा दूर हैदराबादेला होता. मी त्या काचेला पेन्सिल लावली नाही. फोटो छापला आणि मीच बघत बसले. त्यात एक माणूस होतं. थकलेलं, थोडं रागीट, आणि दुसऱ्या कोणासारखंही नसलेलं.

त्या दिवसापासून मी पडदा सोडला. बाईला तिच्या घरात, दाराशी किंवा खिडकीशी बसवायचं, बाजूचा उजेड घ्यायचा, आणि काचेला हात लावायचा नाही. नव्यानं काही गवसलं की माणूस जरा चढतंच. मी तर माडीवर चढले आणि शिडी काढून घेतली. कोणी विचारलं, तुमचे फोटो असे का, तर मी सांगायची, "काच खोटं बोलत नाही. खोटं बोलतात ते पेन्सिल आणि ब्रश." ह्यांच्यासमोर सांगायची, त्यांच्या हातात पेन्सिल असताना. ते नुसते हसायचे. आता वाटतं, तेव्हा त्यांना लागत असणार. मी कधी विचारलं नाही.

अशात एका सुताच्या व्यापाऱ्याच्या घरून बोलावणं आलं. व्यापारी वारला होता, दुकान त्याची बायको आणि धाकटा मुलगा बघत. थोरल्याला छातीचा आजार झाला म्हणून मिरजेकडे दवाखान्यात ठेवलं होतं. त्याच्या बायकोचा फोटो हवा होता.

"पोराचा निरोप आलाय," सासू म्हणाली. "बायकूचा फोटू पाठवा म्हनतोय. परवा धाकटा मिरजंला निगालाय, त्याच्या आत झाला पायजे."

सून मोडनिंबची. वीस वर्षांची असेल नसेल, चांगली सावळी. सासू आत गेली तशी तिनं मला हळूच विचारलं, "बाई, तुमी गोरं करत न्हाय म्हनं?"

"नाही करत."

"मग बरं. लग्नात लोक मला काळी म्हनत हुते, तर ह्ये म्हनले, मला अशीच पायजे. मी हाय तशीच दिसू द्या. न्हायतर ह्ये म्हनतील, ही कोन आली!" असं म्हणून ती हसली आणि लगेच दाराकडे पाहून गप्प झाली.

मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. माझी रीत जिला मनापासून हवी आहे अशी बाई भेटली म्हणून. तिला मी मधल्या दाराच्या उंबऱ्याशी बसवलं. डोक्यावर पदर, बाजूनं ऊन. कपाळाला ठसठशीत कुंकू होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग कापडाखाली गेले आणि तिचे डोळे बघत राहिले. त्या डोळ्यांत काय होतं ते मला सांगता येणार नाही, नवऱ्याला दिसावं म्हणून ते तिनं तिथे आणून ठेवलं होतं. पदराची सावली कपाळावर पडली होती. पदर दोन बोटं मागे सारला असता तरी भागलं असतं. पण मी डोळे बघत होते.

तेवढ्यात सासू बाहेर आली. म्हणाली, "नीट काडा बरं का. पोरगं हितनं लांब हाय, त्याला बरं वाटलं पायजे."

मी म्हणाले, "काळजी करू नका मावशी. जे आहे तेच येईल. काच खोटं बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी फोटो छापला. माझ्या हातून तोवर निघालेल्या फोटोंत तो सगळ्यात चांगला होता, हे आजही म्हणेन. हे मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "सुरेख. पण कुंकू बुडालंय. दे इकडे, उठवतो."

"माझ्या फोटोला ब्रश लागायचा नाही."

"अगं, कुंकू आहे ते. पावडर नव्हे."

"काचेनं दिलं ते दिलं. तुमचा हंस तुमच्या पडद्यावर पोहू द्या."

ह्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. "तुझी मर्जी," एवढंच म्हणाले आणि आपल्या कामाला लागले. त्यांनी भांडायला हवं होतं. बायकोच्या हातून फोटो हिसकावून घ्यायला हवा होता. पण हा दोष मी त्यांच्यावर ढकलतेय, आणि तो माझा आहे. मी फोटो उजेडाला धरून स्वतःची समजूत घातली की नीट पाहिलं तर कुंकू दिसतं. दिसत नव्हतं. बाई असून मी एका सवाष्णीचं कपाळ तसं सोडलं, फक्त माझी रीत मोडू नये म्हणून.

धाकटा दीर घाईघाईत आला. कागदात गुंडाळलेला फोटो त्यानं घेतला आणि तसाच स्टेशनावर गेला. त्याला कुर्डुवाडीला गाडी बदलायची होती. घरात कोणी फोटो पाहिलाच नाही.

शिमग्याच्या आधी तो थोरला मुलगा गेला. डॉक्टरांनी आशा आधीच सोडली होती, हे सगळ्या पेठेला माहीत होतं. मलाही माहीत होतं. दिवस झाल्यावर मी भेटायला गेले. सून कुठे दिसेना. सासूनं मला बसा म्हटलं नाही. आत जाऊन फोटो घेऊन आली आणि माझ्यापुढे धरला. मुलाच्या ट्रंकेतून आला होता. कोपरे मऊ पडले होते.

"ही बगा तुमची सून," ती म्हणाली, जशी काही मीच तिला आणली होती. "नवरा जित्ता आसताना कपाळ पुसून फोटूला बसली. माजं लेकरू ह्यो उशीखाली घिऊन झोपत हुतं. त्याला काय वाटलं आसंल वो?"

"मावशी, तिनं कुंकू लावलं होतं. मी पाहिलं होतं. फोटोत आलं नाही, तो दोष माझा. काचेला लाल दिसत नाही."

तिनं मधल्या दाराकडे बोट केलं. मग म्हणाली, "ह्याच दारात हुबं ऱ्हाऊन तुमी काय म्हनला हुता? काच खोटं बोलत न्हाय. म्हनला हुता का न्हाय?"

"म्हणाले होते."

"मग आज का खोटं बोलाय लागली?"

आयुष्यात एवढी वटवट केलेली बाई मी, त्या दारात मला दोनच शब्द सुचले. "चुकलं माझं," एवढं कसंबसं म्हणाले.

"चुकलं म्हनून माजा ल्योक येतोय व्हय?" ती म्हणाली, आणि रडायला लागली. ती दुष्ट नव्हती. मुलगा गेल्याचं दुःख कुठेतरी ठेवायला तिला जागा हवी होती, आणि ती जागा मी तिला आयती करून दिली होती. सुनेला तिनं मोडनिंबला बापाच्या घरी धाडून दिलं होतं. नवऱ्याच्या घरात तिला राहायला मिळालं असतं की नाही कोण जाणे, पण काढून द्यायला कारण लागतं, आणि ते माझ्या हातचं होतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. "मी सांगत होतो" असं ते म्हणतील म्हणून मी मान खाली घालून बसले होते. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी ब्रश आणि शाईची बशी माझ्यापुढे आणून ठेवली. मी ती काच काढली, पुन्हा फोटो छापला आणि कुंकू उठवायला बसले. हाताला सवय नव्हती. कधी मोठं व्हायचं, कधी एका बाजूला जायचं. बरेच कागद वाया गेल्यावर एक जमला. तो मोडनिंबला पाठवावा असं रोज वाटायचं आणि रोज वाटायचं की कुठल्या तोंडानं? तो तसाच पेटीत राहिला.

त्यानंतर माझ्या फोटोंची तऱ्हा बदलली. दार तेच, बाजूचा उजेड तोच, पण कापडाखाली जायच्या आधी मी बाईचा पदर स्वतः मागे सारायची. कुंकवात जरा काजळ कालवून ते माझ्या बोटानं पुन्हा लावायची. उजेड आधी कपाळावर घ्यायची, डोळे नंतर. कापडाखालून दोनदा-तीनदा बाहेर येऊन कपाळ बघून जायची. बायका हसायच्या. म्हणायच्या, बाईंना कपाळाचं लई वेड. हळूहळू लोक बोलू लागले की बाईंच्या हातचा फोटो कपाळावरून ओळखू येतो. आधी कपाळ उजळतं आणि मग चेहरा वर येतो. कोणी त्याला शैली म्हणालं. हे सुद्धा एकदा कौतुकानं म्हणाले, "तुला तुझी ढब सापडली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ढब नव्हती, ती भीती होती. तिचं कौतुक होत होतं, नवीन गिऱ्हाईक येत होतं, आणि ज्या पोरीच्या जिवावर ती मला सापडली ती मोडनिंबला बापाच्या घरात शेणगोठा करत होती.

पुढच्या वर्षी ती आली. बाप बाजाराला आला होता, त्याच्याबरोबर. तो खाली थांबला, ती एकटी जिना चढून आली. हात मोकळे, कपाळ मोकळं. मला वाटलं होतं ती भेटली तर मी खूप काही बोलेन.

"सासूबाईंनी त्यो फोटू ठिवून घेतला," ती म्हणाली. "हाय का जाळला, म्हाईत न्हाय. तुमच्याकडं काच आसंल की."

मी पेटीतून ब्रशनं केलेला फोटो काढून तिच्या हातात दिला. "हा तुझ्यासाठी केलाय. तेव्हाच करायला हवा होता. मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

ती बघत राहिली. कुंकवाजवळ बोट नेलं, लावलं नाही. "लई झाक झालाय," म्हणाली. मग तो माझ्या हातात परत दिला. "ह्यो नगं बाई. त्यो द्या. त्यांनी बगितलेला."

"अगं, त्यात तुझं कपाळ..."

"म्हाईत हाय की. तवा त्यो खोटा हुता. आता खरा झालाय." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता. "आन ह्यो घिऊन ठिवू कुटं? कुनी बगितला तर म्हनतील, हिची हौस अजून फिटली न्हाय."

मी काच काढली, चौकटीत कागदावर बसवली आणि खिडकीत उन्हाला लावली. आमच्याकडे तेव्हा तसंच छापत. ऊन लागलं की कागदावर चेहरा हळूहळू गडद होत जातो. आम्ही दोघी शेजारी बसून बघत होतो. पदर आला, डोळे आले, मागचं दार आलं. कपाळ आलं ते कुंकवाशिवायच.

मला राहवलं नाही. विचारलं, "त्यांना कळलं होतं का गं? कुंकू नाही ते?"

"दीर सांगत हुता. फोटू बगितला आन म्हनले, हिच्या मागचं दार आपलंच हाय न्हवं. मग गपच बसले. फुडं काय म्हनले का, ते इचारायचा मला धीर झाला न्हाय." थोड्या वेळानं तीच म्हणाली, "तुमी घरी आला हुता म्हनं, सासूबाईंना सांगाय. दीर बोलला."

मी हो म्हटलं. फोटो धुऊन टिपकागदात दाबून दिला, तो अजून जरा ओलसरच होता. तिनं तो पदराखाली धरला आणि उठली.

मी तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेले. जाताना आरशाची खोली लागते. हजार वेळा केलं तसं माझा हात आपोआप करंड्याकडे गेला, झाकण निघालं, बोट कुंकवात बुडालं आणि मी तिच्याकडे वळले. ती समोर उभी होती. माझं बोट तिच्या कपाळापासून वीतभर अंतरावर थांबलं.

तिनं आधी माझ्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ऱ्हाऊ द्या बाई," ती म्हणाली. "सवय हाय तुमची." आणि जिना उतरून गेली.

बोटावरचं कुंकू करंड्यात परत घालवेना आणि पदराला पुसायचा धीर होईना. आत ह्यांची पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता. शेवटी ते मी माझ्याच कपाळाला लावलं.